अवजार ओळखू आलं पाहिजे

आमचं हिवरखेड तेल्हारा तालुक्यातलं, सातपुड्याच्या पायथ्याचं. मोर्शीकडे आणखी एक हिवरखेड आहे. तिकडे जाऊन मला शोधू नका. माझं दुकान फॅब्रिकेशनचं. गेट, ग्रिल, कुलरचे स्टँड, ट्रॉलीची डागडुजी हा पोटाचा धंदा. मोडीत निघालेल्या शेतीच्या अवजारांची शिल्पं करणं हे दुसरं काम, ज्याला घरचे अजून धंदा म्हणायला तयार नाहीत. हल्ली आयटीआयची पोरं येतात, शाळेचे मास्तर येतात, अकोल्या-अमरावतीकडून एखादा फार्महाऊसवाला येतो आणि सगळे तेच चार प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून टाकतो. जे विचारत नाहीत, पण विचारायला हवं, तेही यातच आहे.

१. भंगारवाल्याच्या आधी पोचा, आणि घरातल्या म्हाताऱ्याला विचारा

अवजारं मोडीत निघायचे दोन हंगाम. एक मृगाच्या आधी, कोठा आवरताना. दुसरा दिवाळीच्या तोंडावर, घराला रंग देताना. बैलजोडी विकली की जू, वखर, डवरे वर्ष-दोन वर्षं भिंतीला टेकून उभे असतात. मग भोंगा लावलेली गाडी गल्लीत येते, पोरगं सगळं उचलून काट्यावर टाकतं आणि पाच मिनिटांत तीन पिढ्यांचं लोखंड किलोच्या भावाने जातं.

जुन्यात काय मिळतं? वखराच्या आणि डवऱ्याच्या पासा (मातीत चालणारी आडवी पाती), नांगराचे फाळ, तिफणीच्या फणांची टोकं, विळे, खुरपी, टिकास, सब्बल, बैलगाडीची धाव, आख, साखळ्या. नव्यात रोटाव्हेटरची पाती, पंजीचे फाळ, ट्रॅक्टरच्या नांगराचे तवे, थ्रेशरच्या चाळण्या, कडबा कटरचं चाक. रोटाव्हेटरची पाती पोतं भरून मिळतात, कारण ती झिजतात भराभर. तिफणीचे फण आता शोधावे लागतात.

भाव भंगारवाल्यापेक्षा थोडा जास्त द्यायचा, पण पैशापेक्षा मोठी गोष्ट परवानगीची. विकतो पोरगा आणि संध्याकाळी दुकानात येतो त्याचा बाप. एका म्हाताऱ्याने दाराशी उभं राहूनच सांगितलं, “पोट्ट्यानं मले न इचारता देल्लं. पैसे घे वापस, वखर दे.” वखर दिलं. तेव्हापासून नेम केला, घरातलं सगळ्यात वयस्क माणूस ‘ने’ म्हटल्याशिवाय माल उचलायचा नाही. मग तेच माणूस सांगतं की ही पास कोणत्या लोहाराची, हा फाळ कोणत्या वावरातला. ही माहिती खडूने लोखंडावरच लिहून ठेवतो आणि नंतर वहीत उतरवतो.

२. झीज वाचायला शिका

या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

नवी पास आणि मोडीत निघालेली पास शेजारी ठेवून बघा. नवी चार बोटं रुंद, जुनी जेमतेम दीड बोट. मधलं अडीच बोटं लोखंड गेलं कुठे? वावरात. दर हंगामात मातीने थोडं घासलं, लोहाराने थोडं ठोकून पुढे काढलं, पुन्हा मातीने घासलं. जुन्या पासेवर म्हणूनच दोन तऱ्हेच्या खुणा असतात: मातीने केलेली गुळगुळीत बाजू आणि घणाचे खवले असलेली बाजू. बोट फिरवलं की अंधारातही कळतात. खुरप्याचं तर आणखी पुढे आहे. उजव्या हाताने निंदणाऱ्या बाईचं खुरपं एका कोपऱ्याने खाल्लेलं असतं, डावखुरीचं दुसऱ्या. मूठ लाकडी असेल तर अंगठ्याची जागा खोलगट झालेली दिसते. हे रूप कोणत्याही कारखान्यात मिळत नाही, मला ग्राइंडरने काढता येत नाही, आणि एकदा घासून टाकलं तर परत आणता येत नाही.

म्हणून माझा पहिला नियम: झिजलेल्या कडेला ग्राइंडर लावायचा नाही. दुसरा नियम: कापायचंच असेल तर जिथे झीज नाही तिथून कापायचं. तिसरा: शिल्प पाहणाऱ्या शेतकऱ्याला दहा पावलांवरून अवजार ओळखू आलं पाहिजे. ‘ही तं डवऱ्याची पास हाय’ असं तो बोलला की काम जमलं. ‘वा, काय बगळा केला’ एवढंच बोलला, तर तो बगळा लोखंडी पत्र्याचाही चालला असता.

केवडियाच्या सरदार पटेलांच्या पुतळ्यासाठी २०१३ पासून देशभरच्या गावांकडून शेतीची जुनी लोखंडी अवजारं मागवली होती, हे अनेकांना आठवत असेल. पुतळा १८२ मीटर उंच, लोकार्पण ३१ ऑक्टोबर २०१८ ला झालं आणि तो घडवणारे शिल्पकार राम सुतार आपल्या धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे, सुताराच्या घरात जन्मलेले. गावोगावचं ते लोखंड प्रक्रिया करून पायाच्या कामात गेलं. वरचं आवरण ब्राँझचं आहे. एवढ्या उंच पुतळ्याला ते रास्तच होतं. पण वितळलेल्या लोखंडातून कोणत्या गावचा फाळ कुठे गेला, हे आता कोणी दाखवू शकत नाही. आपल्यासारख्या लहान कारागिराने उलट्या दिशेने जावं. आपल्याकडे उंची नाही, तर ओळख तरी ठेवावी.

३. लोखंड कोणतं, ते ठिणगीला विचारा

अवजार म्हणजे सगळं एकच लोखंड, असं समजून वेल्डिंगला बसलात तर अर्धे टाके दुसऱ्या दिवशी तडकलेले दिसतील. ओळखायचा सोपा उपाय ग्राइंडरचा. साध्या मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, पिवळसर निघतात. विळ्याच्या किंवा कमानीच्या पाट्याच्या ठिणग्यांना टोकाशी फुलं फुटतात, भरपूर. त्यात कार्बन जास्त. आणि बीड असेल तर ठिणगी तांबूस, आखूड, दगडाजवळच विझणारी.

बीड म्हणजे ओतीव लोखंड. कडबा कटरचं चाक, जुन्या तेलइंजिनाचं फ्लायव्हील, रहाटाची दातेरी चाकं, हे सगळं बीडचं. त्याला साधा रॉड लावला तर दिसायला जोड छान दिसतो आणि थंड होताना ‘टक्’ असा बारीक आवाज येतो. तो आवाज म्हणजे तडा. बीडला निकेलचा रॉड लागतो, तो महाग. आधी तापवावं लागतं, नंतर सावकाश निववावं लागतं. मी बहुतेकदा वेल्डिंगच्या भानगडीत पडतच नाही. भोक पाडतो आणि नटबोल्टने कसतो. बोल्ट दिसला तर दिसू दे. अवजारांना बोल्ट असतातच.

कमानीच्या पाट्याचा वेगळा विषय. आमच्याकडचे लोहार जीप-ट्रकच्या मोडक्या कमानीपासून पासा आणि विळे घडवतात. म्हणजे तुमच्या हातातला विळा आधी एकदा भंगार होऊन गेलेला आहे. पाणी दिलेली धार वेल्डिंगच्या झोताजवळ आली की जोडाशेजारीच तडकते. जोड द्यायचाच तर धारेपासून लांब, मुठीच्या बाजूने द्या.

४. लोहाराच्या भट्टीजवळ बसा

वेल्डिंग आयटीआयत शिकता येतं. लोखंड तापल्यावर रंगावरून कसं ओळखायचं, किती वेळा ठोकायचं आणि कधी थांबायचं, हे तिथे कमी आणि भट्टीजवळ जास्त शिकता येतं. गावचे लोहार कमी झाले, तरी पेरणीच्या आधी घिसाड्यांची बिऱ्हाडं अजून येतात. गाडी, भट्टी, ऐरण, हाताने फिरवायचा पंखा. पुरुष सांडशीने लोखंड धरतो आणि बाई घण घालते. बघायला उभ्या राहणाऱ्यांना बाईच्या घणाचं नवल वाटतं. मला त्या दोघांच्या न बोलण्याचं वाटतं. छोट्या हातोडीने पुरुष जिथे टिचकी मारतो, त्याच जागी पुढचा घण पडतो. जागा दाखवायला शब्द लागत नाही.

त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट राखेची. पाणी दिलेलं किंवा पोलादी लोखंड जोडल्यावर लगेच उघड्यावर ठेवू नका, राखेत पुरा. रात्रभरात ते सावकाश निवतं आणि तडकत नाही. चुलीची राख गावात फुकट मिळते. बाजारातल्या सगळ्या उपायांत हा सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा.

जमलं तर छत्तीसगडमध्ये बस्तरला, कोंडागावकडे एकदा जाऊन या. तिथले लोहार वेल्डिंगशिवाय, नुसतं तापवून आणि ठोकून, दिवे आणि हरणं घडवतात. पातळ पाय, लांब मान, कुठेही जास्तीचं लोखंड नाही. आमच्या वेल्डिंगवाल्यांना जोड सोपा झाला म्हणून तुकडे वाढवायची सवय लागते. ती सवय बस्तरचं एक हरीण पाहिलं की मोडते.

५. यात हयगय नको

हा मुद्दा लहान आहे, कारण यावर मतं नसतात.

जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा वेल्डिंगला लावू नका. पांढरा धूर निघतो आणि संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. आधी मुलामा घासून काढा, आणि मोकळ्या हवेत काम करा. डिझेलची, रॉकेलची बंद टाकी कापू नका. रिकामी दिसली तरी आत वाफ असते, आणि ती बॉम्बसारखी फुटते. काच न लावता ‘फक्त एक टाका’ मारणाऱ्याच्या डोळ्यांत रात्री वाळू पडल्यासारखं सकाळपर्यंत खुपत राहतं. आमच्याकडच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, तेव्हा दुपारी लोखंडाला हात लागत नाही; पहाटे पाच ते नऊ काम करा, बाकी वेळ झोपा.

फवारणीचे जुने पितळी पंप दिसायला फार सुंदर असतात आणि शिल्प करणाऱ्या प्रत्येकाचा डोळा त्यांच्यावर असतो. माझाही होता. आता घेत नाही. वर्षानुवर्षं त्यात काय काय भरलं गेलं ते मालकालाही सांगता येत नाही, आणि ते तापवल्यावर जे हवेत जाईल ते माझ्या छातीत जाईल. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर दगावले. तेव्हापासून पंपाकडे बघताना मला पितळ आधी दिसत नाही.

६. मोर करू नका

निदान पहिला मोर तरी करू नका. पान्यांचा मोर, चमच्यांचा मोर, विळ्यांचा मोर, सगळे एकाच मोराचे भाऊ. लोकांना आवडतात, खपतातही. पण पिसाऱ्यासाठी तीस विळे एका रांगेत बसवले की विळा विळा राहत नाही, नक्षी होतो.

याच्या उलट टोकाचं उदाहरण पिकासोचं. १९४२ साली त्याने सायकलची सीट आणि हँडल, एवढे दोनच तुकडे जोडून बैलाचं डोकं केलं. दोन तुकडे! सीटही दिसते, हँडलही दिसतं आणि बैलही. बैल दिसताना सायकल पुसली जात नाही, ही त्याची खरी करामत. मी नवीन पोरांना सांगतो, पहिल्या वर्षी पाचपेक्षा जास्त तुकड्यांचं काही करू नका. फार चिडतात.

शेतीच्या अवजारांवर खुद्द काम केलेला मोठा शिल्पकार म्हणजे अमेरिकेतला डेव्हिड स्मिथ. तरुणपणी १९२५ साली स्टुडबेकरच्या मोटारकारखान्यात तो कामाला होता, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात रेल्वेइंजिनांच्या कारखान्यात वेल्डर होता, आणि १९५१ पासून त्याने मोडक्या शेतीयंत्रांच्या तुकड्यांची ‘अॅग्रिकोला’ नावाची मालिका केली. त्यात ना बैल, ना पक्षी. दांडे, दाते, वाकलेल्या पट्ट्या हवेत रेघा ओढल्यासारख्या उभ्या आहेत. आमच्या चौकात ठेवलं तर ‘हे काय करून रायला’ असं नक्की विचारतील. पण वखर चालताना त्याचा दांडा, रुमणं आणि पास यांची जी तिरकी ओढ असते, ती ज्याने पाहिली आहे त्याला स्मिथ कळायला इंग्रजी लागत नाही.

आणि हे सगळं फक्त परदेशातच झालं असं नाही. मुंबईत पिलू पोचखानवाला (१९२३ ते १९८६) आणि आदी दावियरवाला (१९२२ ते १९७५) यांनी भंगाराच्या लोखंडातून शिल्पं केली, तेही अशा काळात जेव्हा आपल्याकडे शिल्प म्हणजे संगमरवर किंवा ब्राँझ एवढंच माहीत होतं. दावियरवाला पेशाने औषध-रसायनज्ञ होते. त्यामुळे ‘मी आर्ट स्कूलला गेलो नाही’ ही सबब माझ्याकडे सांगायची नाही.

७. सरत्यामागची बाई

कामाची पद्धत एका शिल्पातून सांगतो. तिफणीच्या मागे दोरीने बांधलेलं सरतं घेऊन बाई चालते आणि तूर पेरत जाते, हे दृश्य वऱ्हाडात वाढलेल्या कोणालाही सांगायला नको. ओटीत बी, एक हात सरत्यावर, दुसऱ्या हाताने चाड्यात दाणे सोडत, नजर हातावर, पाऊल तासात. ती बाई मला करायची होती.

सुरुवात चित्राने होत नाही. दुकानाच्या फरशीवर खडूने एक मोठा चौकोन आखतो आणि त्यात तुकडे मांडतो, उचलतो, पुन्हा मांडतो. कधी आठवडाभर नुसतं हेच चालतं आणि गिऱ्हाईक ओलांडून जातं. पाठीचा बाक बैलगाडीच्या धावेच्या तुकड्याने सुटला. धाव मुळातच गोल असते, तिला वाकवायला लागत नाही. पदराला झिजून पातळ झालेली पास. ओटीला तव्याचा कापलेला अर्धा भाग. हात दोन विळ्यांचे. सरत्याचं लोखंडी टोक जसंच्या तसं, त्याला हात लावला नाही.

मग टाके. पूर्ण वेल्डिंग आधी कधीच करायचं नाही, फक्त टाके मारायचे. एका बाजूने सलग वेल्डिंग केलं की उष्णतेने लोखंड त्या बाजूला ओढलं जातं आणि सरळ मान वाकडी होते. समोरासमोर आळीपाळीने टाके मारले की ओढ सारखी बसते. त्यानंतर ओळंबा. वरून दोरी सोडून बघायचं की वजन कुठून खाली येतं. पुढे झुकलेल्या माणसाचं वजन पुढच्या पावलाच्या आत पडलं पाहिजे, नाहीतर वाऱ्याने नव्हे, शाळकरी पोराच्या धक्क्यानेच शिल्प पडेल.

टाके मारलेलं शिल्प मी पंधरवडाभर दुकानापुढे तसंच ठेवतो, मुद्दाम. ज्यांनी ते काम आयुष्यभर केलं ते रस्त्याने जातात, थांबतात, बोलतात. या शिल्पापुढे एक आजी थांबल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “हात असा नसते, बापू. मूठ बंद राह्यते अन् बी अंगठ्यानं सुटते. तुयी बाई तं दान देऊन रायली.” टाका तोडला, विळा फिरवला, अंगठ्यासाठी साखळीची एक कडी लावली. टाके ठेवायचे ते एवढ्याचसाठी. समीक्षक म्हणून मला त्या आजींपेक्षा मोठं नाव माहीत नाही.

८. पाया मुरमात, आणि उन्हाला जागा

आमची काळी माती कपाशीला चांगली, पुतळ्याला वाईट. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर वरवर काँक्रीट ओतून शिल्प उभं केलं की दुसऱ्या पावसाळ्यात ते मान वाकडी करून उभं असतं आणि लोक म्हणतात, वेल्डिंग खराब. खड्डा मुरूम लागेपर्यंत खणा. काँक्रीटमध्ये बोल्ट पुरून ठेवा, वर जाड प्लेट, आणि शिल्प प्लेटला नटाने कसा. म्हणजे रस्ता रुंद झाला तर काढून हलवता येतं. रस्ता रुंद होतोच.

उन्हाचाही हिशेब धरा. पहाटे आणि दुपार यांत उघड्यावरच्या लोखंडाच्या तापमानात चाळीस अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्यात दहा मीटर लोखंड जवळपास पाच मिलिमीटर वाढतं. लहान शिल्पाला याने काही होत नाही. पण वेशीवरची कमान केली आणि तिचे दोन्ही पाय घट्ट पुरले, तर ती कुठेतरी फुगणार किंवा जोड सोडणार. एका पायाला लांबट भोक ठेवा. लोखंड तापलं की पसरतं हे आपल्या लोहारांना पुस्तकाआधी माहीत होतं. बैलगाडीच्या चाकापेक्षा धाव थोडी लहानच घडवायची, गोवऱ्यांच्या आरात लाल करायची, फुगली की चाकावर चढवायची आणि वरून पाणी ओतायचं. आवळून बसली की चाक वर्षानुवर्षं हलत नसे.

९. गंज

काळा रंग फासू नका. ऑइल पेंट दिला की पास, फाळ, विळा सगळे सारखेच दिसतात, आणि मग झीज सांभाळायचा खटाटोप कशासाठी केला? तारेच्या ब्रशने सुटा गंज काढा, कोरड्या फडक्याने पुसा आणि उकळलेल्या जवसाच्या तेलाचे पातळ हात द्या, एक वाळल्यावर दुसरा. लोखंडावर तपकिरी, काचेसारखा पापुद्रा धरतो. उघड्यावरच्या शिल्पाला दर वर्षी मृगाच्या आधी एक हात लागतो.

एक मात्र पक्कं ध्यानात ठेवा: तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि फडक्यांचा ढीग आपोआप पेटू शकतो. ती पाण्यात बुडवा किंवा उन्हात सुटी पसरा.

१०. रेल्वेचं लोखंड नको

हिवरखेडवरून अकोला-खंडवा मीटरगेज जायची. ती बंद झाली. अकोला ते अकोट ब्रॉडगेजवर नोव्हेंबर २०२२ मध्ये गाडी सुरू झाली; पुढचा, आमच्या बाजूचा मार्ग मेळघाटच्या वाघांच्या प्रश्नात अडकून लांबला. जुन्या मार्गालगतच्या गावांत खिळे, फिशप्लेटा, रुळाचे तुकडे कोणाच्या ना कोणाच्या कोठ्यात निघतात. लोखंड उत्तम, आकार देखणे, आणि देणारा म्हणतो, “पडेल होतं, उचललं.” घेऊ नका. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) कायदा १९६६ चा आहे आणि नावाप्रमाणेच त्यात ताबा हाच गुन्हा ठरतो. माल रेल्वेचा निघाला, तर तो कायद्याने मिळाला हे तुम्हाला दाखवावं लागतं. लिलावाची पावती असेल तर खुशाल घ्या.

११. किंमत वजनावर सांगू नका

पहिला प्रश्न येतो, “किती किलोचं आहे?” किलोने विचारणाऱ्याला किलोने उत्तर दिलं की तुम्ही भंगारवाले झालात. हजेरी धरा, रॉड आणि चकत्या धरा, वीज धरा, शोधाशोधीचं पेट्रोल धरा, वाहतूक वेगळी. पेशगी निम्मी. आणि ज्या घरातलं अवजार, त्या घराचं नाव शिल्पाच्या प्लेटवर टाकायचं, हे सौद्यातच ठरवून घ्या. रिसॉर्टवाले कधी कधी म्हणतात, नाव नको, डिझाइन खराब दिसतं. अशा वेळी मी गेट-ग्रिलचं काम आनंदाने घेतो आणि शिल्प दुकानातच ठेवतो.

मोडीचा भाव चढला की शिल्पं चोरीलाही जातात, हेही सांगून ठेवतो. चोराला कलेचं कौतुक नसतं, त्याला वजन कळतं. बोल्टाच्या नटावर एक टाका मारा.

१२. शाबूत असेल ते कापू नका

लोखंडी नांगराचीच गंमत बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात पहिला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरेल म्हणून शेतकरी हात लावेनात. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली आणि तो नांगर घरोघर पोचला. ज्याला आजोबांनी विषारी ठरवलं तो नांगर आज नातू ‘आजोबांची आठवण’ म्हणून जपतो. तेव्हा कोणतं अवजार उद्या कोणाला मोलाचं वाटेल, हे आज माझ्यासारख्या वेल्डरने ठरवू नये.

म्हणून एक विनंती. तुमच्या कोठ्यात लाकडी तिफन चाड्यानळ्यांसह, दांडी-जुवासह पूर्ण असेल, तर ती मला देऊ नका आणि भंगारातही देऊ नका. गावच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या ओसरीवर ठेवा. कोणाची, कोणत्या सुताराने घडवली, शेवटची पेरणी कोणत्या वर्षी केली, हे तिच्याजवळ लिहून लावा. मोडकी पास, तुटका फाळ, धार गेलेला विळा, हे मात्र घेऊन या. घरातल्या मोठ्यांना विचारून या. बाजाराच्या दिवशी दुकान बंद असतं.